शाळेचे साहाय्य आणि शाळेचा पैसा : पालकांना कसे सांगावे

प्राथमिक शाळेत येणाऱ्या बालकासाठी शासन व जिल्हा परिषद यांच्याकडून जे साहाय्य दिले जाते, ते अनेक प्रकारचे असते. पाठ्यपुस्तके, गणवेश, दुपारचा आहार, शिष्यवृत्त्या, दिव्यांग बालकांसाठी साधने व भत्ते, शाळेच्या किरकोळ खर्चासाठी अनुदान अशी ही यादी बरीच मोठी आहे. या प्रत्येक बाबीचे परिपत्रक शाळेत येते, मुख्याध्यापक ते वाचतात आणि ते फाइलीत लागते. परंतु ज्याच्यासाठी ही सर्व खटपट चालते, त्या बालकाच्या घरी तिची वार्ता पोचली किंवा नाही, हे पाहण्याची व्यवस्था परिपत्रकासोबत आपोआप येत नाही. ती शिक्षकाला आपल्या गावात स्वतः उभारावी लागते. ती का उभारावयाची आणि कशी उभारावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. माहिती हेही साहाय्यच होय

विहिरीला पाणी भरपूर आहे, परंतु दोर आणि पोहरा नाही, तर तहानलेल्या वाटसरूला त्या विहिरीचा उपयोग काय? योजना आणि बालक यांच्यामध्ये माहिती हाच पोहरा होय. शासनाच्या दप्तरी योजना कितीही उदार असली, तरी ज्या घरी ती ठाऊक नाही, त्या घरापुरती ती अस्तित्वातच नसते.

एक उदाहरण पाहू. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवान विद्यार्थ्यांनी आठवीनंतर शाळा सोडू नये, या हेतूने केंद्र शासनाने २००८ साली एक शिष्यवृत्ती सुरू केली. ती शाळांतून एन.एम.एम.एस. या नावाने ओळखली जाते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीचे विद्यार्थी तिच्या परीक्षेस बसू शकतात. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे शिष्यवृत्ती मिळते. प्रारंभी ती वर्षाला ६,००० रुपये होती. २०१७ पासून ती १२,००० रुपये झाली. म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मुलीला नववीत घालावे की घरी बसवावे, या प्रश्नाचे उत्तर बदलून टाकण्याइतकी ही रक्कम मोठी आहे.

परंतु या परीक्षेची संधी आठवीच्या वर्षातच मिळते. तीस बसण्यासाठी सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात (अनुसूचित जाती व जमातींस यात ५ टक्क्यांची सवलत आहे), आणि पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लक्ष रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आणावा लागतो. त्यासाठी दिवस लागतात आणि त्या दिवसांची मजुरी बुडते. ही हकीकत पालकाला सातवीच्या प्रारंभी समजली, तर तयारीला सवड मिळते. ती आठवीच्या मध्यावर समजली, तर धावपळ होते. मुदत टळल्यावर समजली, तर हळहळीवाचून हाती काही राहत नाही. तिन्ही स्थितींत योजना तीच, विद्यार्थी तोच, बुद्धीही तीच. अंतर आहे ते सांगण्याच्या वेळेचे. ही शाळा चौथीपर्यंतची असो वा सातवीपर्यंतची, पुढे काय उपलब्ध आहे हे सांगण्याचे काम तिला टाळता येणार नाही.

२. कायदा काय म्हणतो

पालकांना माहिती देणे हा शिक्षकाच्या सौजन्याचा भाग आहे, अशी समजूत कित्येक ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर व नियमित शाळेत येणे आणि अभ्यासक्रम पूर्ण करणे, यांच्याच पंक्तीस तेथे आणखी एक कर्तव्य घातले आहे : पालकांच्या नियमित सभा घेणे आणि बालकाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व बालकासंबंधीची इतर संबद्ध माहिती त्यांना देणे. बालकास मिळू शकणारे साहाय्य ही संबद्ध माहिती नव्हे, असे कोण म्हणेल?

त्याच अधिनियमाच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावयाचे, निम्म्या स्त्रिया असावयाच्या आणि वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांस प्रमाणशीर स्थान द्यावयाचे, असे बंधन आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासन, स्थानिक प्राधिकरण वा अन्य कोणत्याही मार्गाने आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे होत. ‘अन्य कोणत्याही मार्गाने’ हे शब्द ध्यानी ठेवण्याजोगे आहेत. गावकऱ्यांनी यात्रेच्या वर्गणीतून शाळेला दिलेला पंखासुद्धा त्यांत येतो.

कलम ३ अन्वये ज्या फीमुळे वा आकारामुळे बालकाच्या प्राथमिक शिक्षणास अडथळा येईल, असा कोणताही आकार घेता येत नाही. कलम ३२ अन्वये पालकास तक्रार असल्यास ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. ही दोन्ही कलमे पालकांना आपण होऊन सांगावीत. ‘तक्रार कोठे करावयाची हे मीच कशाला सांगू?’ असे काही शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या शाळेत तक्रारीची वाट मोकळी असते, तेथील प्रश्न बहुधा शाळेच्या ओसरीवरच सुटतो. जेथे ती वाट ठाऊकच नसते, तेथे कुजबूज चालते, आणि कुजबुजीला उत्तर देता येत नाही.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही याच दिशेस बोट दाखवतो. सार्वजनिक संस्थांनी आपली माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी आणि ती स्थानिक भाषेत व लोकांपर्यंत परिणामकारक रीतीने पोचेल अशा मार्गाने द्यावी, असे त्याचे कलम ४ सांगते.

३. कोणते साहाय्य कोणास सांगावे

सर्व योजना सर्वांना एकदम सांगितल्या, तर ऐकणाऱ्याच्या मनात काहीच राहत नाही. म्हणून साहाय्याचे चार वर्ग मनाशी पाडून घ्यावेत.

पहिला वर्ग सर्व बालकांना मिळणाऱ्या गोष्टींचा. पहिली ते आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. दुपारचा आहारही याच वर्गात येतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना देशात सुरू झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुलांना घरी नेण्यासाठी धान्य दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले, आणि २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या बालकास एका जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी मिळावी आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. सहावी ते आठवीच्या बालकास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी आणि त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. हे आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक लिहावेत. स्वयंपाक स्वतः करणाऱ्या माउल्यांना ग्रॅमचा हिशेब कळत नाही असे समजू नये. ‘पाचवीपर्यंतच्या दहा मुलांना एक किलो तांदूळ आणि पाव किलोस थोडी कमी डाळ’ असे म्हटले की त्या क्षणात मापून पाहतात.

दुसरा वर्ग ठराविक विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा. इयत्ता पाचवीपासून पुढे अनुसूचित जाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांतील मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. वर उल्लेखिलेली एन.एम.एम.एस. शिष्यवृत्तीही याच वर्गातील. या रकमा बँकेच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे खात्यावरील नाव, आधारपत्रावरील नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव यांत फरक नाही ना, हे पालकांनी वर्षारंभीच पाहून घ्यावे, असे त्यांना बजावावे. एका मात्रेच्या चुकीने अडलेली शिष्यवृत्ती सोडविण्यासाठी पुढे अनेक हेलपाटे घालावे लागतात.

तिसरा वर्ग दिव्यांग बालकांसाठी असलेल्या साहाय्याचा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाप्रमाणे निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वसाधारण बालकांप्रमाणे तो चौदाव्या वर्षी संपत नाही. समग्र शिक्षा अभियानाच्या आराखड्यात अशा बालकांसाठी साधने, प्रवास, मदतनीस यांची तरतूद असून दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपये याप्रमाणे १० महिन्यांचा विद्यावेतन भत्ता ठरविलेला आहे. या वर्गातील माहिती सभेत सांगून भागत नाही. पुष्कळ घरांत अशा मुलाविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोच असतो. तेथे घरी जाऊनच बोलावे.

चौथा वर्ग संकटप्रसंगीच्या साहाय्याचा. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाला किंवा अपघाताने त्यास कायमचे अपंगत्व आले, तर कुटुंबास सानुग्रह अनुदान देण्याची राजीव गांधी यांच्या नावाची योजना महाराष्ट्रात आहे. हिची माहिती कोणी पालक विचारणार नाही, आणि दुःखाच्या वेळी ती कोणास आठवणारही नाही. तेव्हा ती शिक्षकानेच स्मरणात ठेवावयाची असते. सर्पदंश, विहिरीत पडणे, वीज पडणे अशा दुर्घटनेनंतर पंचनामा व वैद्यकीय कागदपत्रे वेळीच तयार झाली नाहीत, तर पुढे प्रस्ताव उभा राहणे कठीण होते. अशा घरी जाऊन आवश्यक ते कागद स्वतः जमवून देणारा शिक्षक, ते घर कधी विसरत नाही.

४. शाळेचा पैसा हा गावाचा पैसा

साहाय्याची माहिती शिक्षक पुष्कळदा आनंदाने देतात. शाळेच्या पैशाची माहिती देताना मात्र मन थोडे कचरते. ‘एवढे पैसे आले म्हणताच लोक उगाच संशय घेतील’ ही त्यामागची भीती होय. वस्तुतः संशय आकड्यांच्या अज्ञानातून वाढतो.

आपल्या भागात प्राथमिक शिक्षणाचा पैसा पूर्वीपासून लोकांच्याच खिशातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल केला जाई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी हेच दाखवून दिले, की सरकारी तिजोरीत भर घालतो तो कष्टकरी रयत, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना अधिक होतो. आपल्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा शेतकऱ्याचा अधिकार त्यांनी त्या काळी मांडला. पुढे १९६१ च्या अधिनियमाने जिल्हा परिषदा निर्माण झाल्या, १ मे १९६२ रोजी त्यांचा कारभार सुरू झाला आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शाळा लोकांच्या हाती आली, ती एवढ्यासाठी की तिचा हिशेब लोकांच्या डोळ्यांसमोर असावा.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान व माध्यमिक शिक्षा अभियान यांचे एकत्रीकरण होऊन समग्र शिक्षा सुरू झाली. तिच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या कालखंडाच्या आराखड्यात संयुक्त शाळा अनुदानाचे प्रमाण पटसंख्येवर ठरविले होते. ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १,००,००० रुपये, असे ते प्रमाण होय. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चावयाची असे. हे वार्षिक कमाल प्रमाण आहे. प्रत्यक्ष मंजूर रक्कम त्या त्या वर्षाच्या पत्रावरून पाहावी लागते, आणि ती हप्त्यांनी किंवा उशिराही येऊ शकते. लोकांना नेमके हेच ठाऊक नसते. एखाद्याने कोठेतरी ‘२५,००० रुपये’ हा आकडा ऐकलेला असतो आणि शाळेत प्रत्यक्षात निम्मेच आलेले असतात. मग उरलेले गेले कोठे, असा प्रश्न पारावर निघतो.

यावर उपाय साधा आहे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर चार रकाने आखावेत : मंजूर, प्राप्त, खर्च, शिल्लक. उदाहरणादाखल ६२ पट असलेली एक शाळा घेऊ. मंजूर २५,००० आणि प्राप्तही २५,००० असे समजू. खर्चात स्वच्छता ३,०००, वीजबिल ४,८००, खडू, कागद व नोंदवह्या ५,२००, नळ व स्वच्छतागृहाचे दार यांची दुरुस्ती ६,५००, एकूण १९,५००, शिल्लक ५,५००. एवढ्या चार ओळी पुरेत. कीर्द आणि पावत्या कार्यालयात असाव्यात आणि कोणी पालक पाहू म्हणाला, तर त्यास खुर्ची देऊन त्या दाखवाव्यात. लोकवर्गणीतून आलेला पैसा व वस्तू यांचीही नोंद याच भिंतीवर करावी आणि देणाऱ्यास लगेच पावती द्यावी. ज्याने पाचशे रुपये दिले, त्याला ते भिंतीवर दिसले, तर पुढच्या वर्षी तो आणखी दोघांना घेऊन येतो.

आकडे प्रसिद्ध करण्याने किती फरक पडू शकतो, याचे एक दूरदेशचे उदाहरण शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात प्राथमिक शाळांसाठी दर विद्यार्थ्यामागे अनुदान दिले जाई. १९९१ ते १९९५ या काळाच्या पाहणीत असे आढळले, की त्यांतील सरासरी अवघा १३ टक्के भाग शाळांपर्यंत पोचत होता. बाकीचा मधल्या पातळ्यांवरच जिरत होता. त्यानंतर तेथील शासनाने जिल्ह्यांना पाठविलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापण्यास आणि शाळांवर लावण्यास सुरुवात केली. २००१ सालापर्यंत शाळांत पोचणारा हिस्सा ८० टक्क्यांहून अधिक झाला. त्या काळात तेथे अन्य प्रशासकीय सुधारणाही झाल्या, म्हणून सगळे श्रेय एकट्या प्रसिद्धीला देता येणार नाही. तथापि ज्या शाळेच्या मुख्याध्यापकाला व पालकांना आपल्या हक्काची रक्कम ठाऊक असते, त्यांचा पैसा वाटेत अडकणे अवघड होते, एवढा बोध त्यातून निःसंशय घेता येतो. हिशेबाची पाटी शिक्षकाविरुद्ध नव्हे, तर शिक्षकाच्या बाजूने उभी राहते.

५. सांगण्याची रीत

माहिती देण्याची काही पथ्ये आहेत. ती पुढीलप्रमाणे होत.

(अ) एक वही राखावी. पटावरील प्रत्येक बालकाच्या नावापुढे त्यास मिळू शकणारे साहाय्य, लागणारे दाखले, पालकास सांगितल्याची तारीख आणि साहाय्य मिळाल्याची तारीख असे रकाने असावेत. शंभर पटाच्या शाळेस ही वही तयार करण्यास दोन-तीन दिवसांहून अधिक वेळ लागत नाही. वर्षभर ‘कोणाचे राहिले?’ या प्रश्नाचे उत्तर तीत मिळते.

(आ) वेळ पाहून सांगावे. जूनमध्ये शाळा उघडताच पुस्तके, गणवेश व दाखले. दिवाळीपूर्वी शिष्यवृत्त्यांचे अर्ज. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी पुढील वर्षाचा शाळा विकास आराखडा. एप्रिलमध्ये वर्षाचा हिशेब, असा क्रम ठेवल्यास पालकांवर एकदम भार पडत नाही. पेरणीच्या घाईत सभा ठेवून ‘पालक येत नाहीत’ असे म्हणण्यात अर्थ नाही. सभेची वेळ शेतीच्या कामांवर ठरवावी; पुष्कळ गावी ती रात्रीच्या जेवणानंतरची असेल.

(इ) कार्यालयाची भाषा कार्यालयातच ठेवावी. ‘पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यात विहित मुदतीत प्रस्ताव सादर करावेत’ हे वाक्य अचूक आहे, परंतु घरी परतलेल्या पालकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. ‘रखमाबाई, तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी जातीचा दाखला आणि बँकेचे पुस्तक येत्या बाजारच्या दिवसापर्यंत मला आणून द्या’ असे म्हटले, की काम होते. काय, कशासाठी, कोणता कागद, कोणत्या दिवशी, कोणाकडे, या पाच गोष्टी प्रत्येक सूचनेत असाव्यात. कोकणात वा खानदेशात, भिलोरी, गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या पाड्यावर, तेथील बोलीत सांगणारा एखादा पालक वा माजी विद्यार्थी सोबत घ्यावा.

(ई) मान राखावा. कोणाचे उत्पन्न किती, कोणाची जात कोणती, कोणाचे घर दारिद्र्यरेषेखाली, ही वर्गात उभे करून विचारण्याची गोष्ट नव्हे. ‘गरिबांची मुले हात वर करा’ असे म्हणताच साहाय्याचा निम्मा गोडवा नाहीसा होतो, आणि स्वाभिमानी मूल ते साहाय्यच नाकारते. सर्वांस लागू असलेली गोष्ट सभेत सांगावी. व्यक्तीस लागू असलेली गोष्ट व्यक्तीस सांगावी. भिंतीवर रकमा लिहाव्यात. बालकांची नावे व जाती लिहू नयेत.

(उ) आईला सांगावे. मुलांचे कागद कोणत्या पेटीत आहेत, हे बहुधा तिलाच ठाऊक असते. पत्र बापाच्या नावे गेले आणि तो परगावी असला, तर ते तसेच पडून राहते. बचत गटाची बैठक ही या कामी उत्तम जागा होय. भ्रमणध्वनीवरील निरोपांचा उपयोग जरूर करावा, परंतु त्यावर विसंबून राहू नये. ज्या घरी तसे साधन नाही किंवा ते वाचणारे कोणी नाही, त्याच घराला माहितीची गरज सर्वांत जास्त असते.

६. जी घरे सभेला येत नाहीत

पालक सभेला जे येतात, त्यांना पुष्कळ गोष्टी आधीच ठाऊक असतात. जे येत नाहीत, त्यांच्यासाठी खरे तर ही सारी खटपट आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाडीत बसून निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर, चैत्राच्या सुमारास परततात. या मधल्या महिन्यांत मूल फडावर गेले, तर त्याची शाळा तुटते. आणि एकदा तुटलेली शाळा पुन्हा जोडणे कठीण असते. अशा मुलांनी गावीच राहून शिकावे, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालविण्याची योजना आहे. जे मूल सोबत जाणारच, त्याला जाताना शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यास लगेच बसता येते. अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दाखला मिळण्यास उशीर झाला, तरी तेवढ्यावरून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यांना सांगावे.

या कुटुंबांना हे सांगावयाचे तर ते निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे. मुकादमाची उचल घेतल्यानंतर, बिऱ्हाड बांधून झाल्यावर सांगितलेली गोष्ट उपयोगी पडत नाही. भाद्रपदातच या घरांची यादी करावी, प्रत्येक घरी एकदा जावे, आणि मूल आजीपाशी राहते की वसतिगृहात, याचा निर्णय आईबापांबरोबर बसून करावा. मेंढपाळ, वीटभट्टीवरील मजूर व फिरस्त्या जमाती यांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.

७. उशीर झाला तर काय सांगावे

साहाय्य ठरल्याप्रमाणे येतेच असे नाही. गणवेशाचेच पाहा. त्याची पद्धत वेळोवेळी बदलत गेली आहे. कधी रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले, कधी ती शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. २०२४-२५ साली राज्यभर एकच कापड व एकच गणवेश अशी मध्यवर्ती व्यवस्था झाली आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. प्रत्येक बदलाच्या वेळी पालक विचारतात ते शिक्षकालाच : ‘गुरुजी, कपडे कधी?’

अशा वेळी तीन गोष्टी टाळाव्यात. मौन टाळावे, कारण मौनाचा अर्थ लोक आपल्या मताप्रमाणे लावतात. खोटे आश्वासन टाळावे. ‘पुढल्या आठवड्यात येतील’ असे चार वेळा सांगितले, की पाचव्या वेळी खरे सांगितले तरी कोणी विश्वास ठेवीत नाही. आणि वरिष्ठांवर दोष ढकलून मोकळे होणेही टाळावे, कारण पालकाच्या दृष्टीने शिक्षक, केंद्रप्रमुख आणि जिल्हा परिषद ही सर्व एकच असतात. सांगावे ते एवढेच : काय मिळावयाचे आहे, आज ते कोठवर आले आहे, आपण कोणत्या तारखेस मागणी कळविली आहे आणि पुन्हा केव्हा सांगणार आहोत. ‘अजून आलेले नाहीत, आपण गेल्या सोमवारी पत्र पाठविले, पुढील सभेत जे कळेल ते सांगतो’ हे उत्तर अपुरे असले तरी प्रामाणिक आहे, आणि लोक ते समजून घेतात. दुपारचा आहार धान्याअभावी बंद पडला, तर त्याबद्दल अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद २०१५ च्या नियमांत आहे. म्हणून असा प्रत्येक खंड तारखेनिशी नोंदवून ठेवावा. नोंद नसेल, तर मागणीही करता येत नाही.

आपल्यावर कामांचा भार थोडा आहे, असे येथे कोणासही सुचवावयाचे नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता सांभाळून माहितीचे तक्ते भरणाऱ्या शिक्षकाची ओढाताण सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही वही, ही भिंत आणि ही गृहभेट यांचा वेळ वाया जात नाही. ज्या घराला शाळेकडून आपल्या मुलाच्या हक्काची गोष्ट वेळेवर कळते, ते घर मुलाला वेळेवर शाळेत पाठविते. ज्या गावाला शाळेचा हिशेब दिसतो, ते गाव शाळेची गळकी कौले आपणहून शाकारते. सबब, येत्या सत्राच्या आरंभी प्रत्येक शाळेने तीन कामे करावीत : पटावरील सर्व बालकांची साहाय्याची वही पुरी करावी, हिशेबाचे चार रकाने भिंतीवर आखावेत, आणि सभेला कधीही न आलेल्या पाच घरांची नावे काढून पहिल्या महिन्यात त्या पाचही घरी जाऊन यावे.